कारण मयत, जाळी हयात

लवू घाडीगावकर यांच्या ओळखपत्रावर ‘लवू घाडी’ एवढेच छापलेले आहे. कंपनीने सहा वर्षांपूर्वी हजेरीसाठी जी संगणक-प्रणाली विकत घेतली, तिच्यात आडनावासाठी ठेवलेल्या जागेत मालवणकडचे आडनाव मावत नाही. लवूकाकांनी तेव्हा रीतसर अर्ज केला होता. उत्तर आले की प्रणालीत बदल करता येणार नाही. कर्मचाऱ्याला आडनाव बदलायचे असल्यास मात्र तशी सोय आहे. अर्ज आणि उत्तर, दोन्ही कागद त्यांनी एका पारदर्शक पिशवीत जपून ठेवले आहेत. मी ते पाहिले आहेत, तारखा जुळतात.

ही कंपनी वजनकाटे बनवते. संस्थांचे ज्ञान शिळे कसे होते याच्या अभ्यासासाठी तिच्या दप्तरात बसून काम करण्याची परवानगी मला नाव न छापण्याच्या अटीवर मिळाली, म्हणून येथे ती नुसती कंपनी. १९६६ साली परळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या दोन गाळ्यांत ती सुरू झाली. आता कारखाना वसईला आहे आणि कचेरी, एके काळी गिरणी होती त्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. कंपनी स्वतःला तंत्रज्ञान-कंपनी म्हणवते. चौदाव्या मजल्यावर वजनकाटा एकच आहे. तो स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवला आहे आणि बंद आहे.

मजल्याच्या टोकाला, जिना आणि ‘मनःशांती कक्ष’ यांच्या मधल्या बोळात, रेकॉर्ड रूम आहे. बारा लोखंडी कपाटे, नऊ हजारांवर नकाशे, एक टेबल आणि लवूकाका. ते १९८९ साली अमोनिया-छपाईच्या यंत्रावर लागले. ट्रेसिंग कागदावरच्या नकाशांच्या निळ्या प्रती काढायच्या, घड्या घालायच्या आणि वसईला पाठवायच्या, हे त्यांचे काम. २००४ साली यंत्र भंगारात गेले. यंत्र चालवणाऱ्याचे काय करायचे याची नोंद करायची राहून गेली, आणि त्या राहून गेलेल्या नोंदीच्या आधारावर लवूकाका आणखी वीस वर्षे कामावर आहेत. ते इंजिनियर नाहीत. पण कुठला नकाशा कुठल्या कपाटाच्या कितव्या खणात आहे, हे ते कपाट न उघडता सांगतात. सातव्या कपाटाचे दार गुडघ्याने किंचित उचलून उघडावे लागते, हेही त्यांनाच ठाऊक आहे.

आता कंपनीच्या ज्ञानाविषयी.

आपले डिझाइनचे ज्ञान शिळे होत आहे, अशी शंका कंपनीला प्रथम २०१६ साली आली. इतिवृत्तात शंकेचे कारण दिलेले नाही. सल्लागाराचे नाव मात्र दिलेले आहे. त्या वर्षी तज्ज्ञमंडळे स्थापन झाली. डिझाइनरांनी दर गुरुवारी तीन वाजता एकत्र बसून एकमेकांना आपापले ज्ञान द्यावे, असे ठरले. सात बैठकांची इतिवृत्ते उपलब्ध आहेत. पाचव्या बैठकीनंतर सामोसे बंद झाले. सातव्या बैठकीची उपस्थिती दोन आहे, त्यांतला एक इतिवृत्त लिहिणारा. २०१८ साली ज्ञानाचे संकेतस्थळ निघाले. त्यावर चौदा लेख आहेत, पैकी पाच ते संकेतस्थळ कसे वापरावे याविषयी. २०२० पासून डिझाइनरांची दर अठरा महिन्यांनी अदलाबदल सुरू झाली. एकच माणूस एकाच काट्यावर फार काळ राहिला तर त्याला त्या काट्याची सवय होते आणि तो नव्या कल्पनांना विरोध करू लागतो, असा निष्कर्ष एका अहवालात आहे. निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. उपायाचा परिणाम इतकाच झाला की आता जुन्या कल्पना कोणत्या, हेही कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे प्रत्येक कल्पना नवी ठरते.

या सर्व प्रयत्नांच्या शिखरावर ज्ञान-नूतनीकरण कक्ष उभा राहिला, ज्याला मजल्यावर सगळे ‘सेल’ म्हणतात. सेलच्या प्रमुख अनुजा केळुसकर. हुशार, वक्तशीर, आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर देणाऱ्या त्या मजल्यावरच्या एकमेव अधिकारी. कंपनीच्या डिझाइनच्या नियमपुस्तिकेत चारशे बारा नियम साठले होते. बरेचसे जुने, काही एकमेकांशी भांडणारे. अनुजाबाईंनी नियम-पात्रता मोहीम काढली. प्रत्येक नियमाला एक पालक हवा. पालकाने अर्जात नियमाचे मूळ कारण, त्या कारणाचा पुरावा आणि कारणाची तारीख भरावी. कारण आजही जिवंत असेल तर नियम पात्र. कारण मेलेले असेल किंवा सापडत नसेल तर नियम अपात्र, आणि पुस्तिकेतून बाहेर.

पात्र आणि अपात्र हे शब्द मजल्यावर कोणाला खटकले नाहीत. लवूकाकांना ते ओळखीचे वाटले.

लवूकाकांचा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला. खोली वडिलांच्या, भिवा घाडीगावकरांच्या, नावावर होती. ते गिरणीत वाइंडिंग खात्यात होते आणि १९९७ साली वारले. चाळींचा पुनर्विकास ठरला तेव्हा घरोघर कागद मागितले गेले: कोण राहते, कधीपासून, कोणाच्या नात्याने. लवूकाकांनी वडिलांचा गिरणीचा पास, शिधापत्रिका, विजेची बिले, मृत्यूचा दाखला आणि वारसनोंद असे सगळे तारखेच्या क्रमाने लावून दिले आणि पहिल्याच यादीत पात्र ठरले. मग त्यांनी चाळीत आपल्या मजल्यावरच्या इतरांच्या फायली लावून दिल्या, पुढे शेजारच्या चाळीतल्याही. एकूण त्रेचाळीस. हा आकडा त्यांच्या वहीतला आहे. आज ते चाळीपासून फार लांब नसलेल्या संक्रमण-घरात राहतात आणि कचेरीत चालत येतात.

चारशे बारापैकी त्रेसष्ट नियमांना कोणीच पालक मिळेना, त्या वेळी जे झाले ते अपेक्षितच होते. ती यादी ‘माहितीसाठी’ म्हणून रेकॉर्ड रूममध्ये आली. पालकाच्या रकान्यात त्रेसष्ट वेळा कोरी जागा. लवूकाकांना कोरा रकाना पाहवत नाही. त्यांनी त्रेसष्ट सह्या केल्या आणि यादी परत पाठवली. सेलच्या तक्त्यावर पालकत्वाचा स्तंभ शंभर टक्क्यांना टेकला आणि त्याबद्दल केक कापण्यात आला. केक मनःशांती कक्षात होता. लवूकाकांना भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

पुढच्या पंधरवड्यात त्यांना सेलचे पत्र आले. मजल्यावरच्या जागेचाही पात्रता-आढावा सुरू आहे, असे त्यात होते. येत्या एकतीस मार्चपर्यंत रेकॉर्ड रूमने आपल्या कागदांच्या आधारे निदान एक वादग्रस्त नियम टिकवून दाखवावा. न जमल्यास नकाशे स्कॅन करून मूळ प्रती रद्दीत दिल्या जातील आणि श्री. लवू घाडी यांची बदली वसईच्या गोदामात होईल. लवूकाकांच्या निवृत्तीला अडीच वर्षे होती. वसईला जायला त्यांची ना नव्हती. रद्दी या शब्दाखाली मात्र त्यांनी पेन्सिलने बारीक रेघ ओढली.

वादग्रस्त नियम लवकरच चालत आला. त्याला घेऊन आला सम्यक, नव्या काट्याचा डिझाइनर. नायगावचाच, आणि लवूकाकांनी फायली लावून दिल्या त्या त्रेचाळीस घरांपैकी एका घरातला. कंपनीचा नवा काटा दुकानांसाठीचा, अगदी पातळ, ताटासारखा. तो आणखी चार मिलिमीटर पातळ होऊ शकत होता, पण नियम क्रमांक ११७ आडवा येत होता: काट्याच्या तळाशी असलेल्या प्रत्येक छिद्रावर बारीक पितळी जाळी असावी. पहिल्या चाचणीसाठी सम्यकने जाळीशिवायचे दोन काटे बनवून लालबागला दिलेही होते. त्यांचे आकडे अधूनमधून थरथरत होते, पण तो सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे अशी त्याची खात्री होती आणि सहा आठवडे तो सॉफ्टवेअरच दुरुस्त करत होता.

“एकशे सतरा तुमच्या नावावर आहे, काका,” तो म्हणाला. “जाळी कशाला लागते?”

“माझ्या नावावर आहे. माझी नाही.”

“मग कोणाची?”

“बघावं लागेल.”

“शुक्रवारी मीटिंग आहे. कारण नाही मिळालं तर मी काढून टाकणार. राग नका मानू.”

“कारण नसताना ठेवलीस तरच राग येईल,” लवूकाका म्हणाले आणि सातव्या कपाटाकडे गेले.

नकाशा १९७४ सालचा निघाला. तळाच्या जाळीपासून नकाशाच्या कोपऱ्यात गेलेला एक बाण आणि बाणाच्या टोकाला सुबक अक्षरात: ‘जाळी कु. मे. यांच्या टिपणाप्रमाणे.’ टिपण कपाटात नव्हते. २००५ साली परळच्या गाळ्यात पाणी शिरले तेव्हा टिपणांचा सगळा कप्पा वाहून गेला होता. लवूकाकांनी तेव्हा केलेल्या नुकसानीच्या यादीत तो एकोणिसाव्या क्रमांकावर आहे. टिपण गेले, पण ‘कु. मे.’ म्हणजे कोण, हे त्यांना माहीत होते. कुशाबा मेस्त्री, कंपनीचे पहिले फोरमन. वय शहाऐंशी, मुक्काम फणसवाडी. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून लवूकाका तिकडे गेले. रजेच्या अर्जात कारण ‘कारण शोधणे’ असे लिहिलेले आहे. तो मंजूर झाला आहे. अर्थात वाचला गेला असेल असे नाही.

कुशाबा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, भिंगातून वर्तमानपत्र वाचत बसले होते. लवूकाकांनी नकाशाची प्रत पुढे केली. कुशाबांनी जाळीवर भिंग धरले.

मग त्यांनी सांगितले ते असे. १९७४ साली लालबागच्या एका गिरणीने वाइंडिंग खात्यासाठी तीस काटे घेतले. महिन्याभरात तीसही काटे खोटे वजन दाखवू लागले. उघडून पाहिले तर आत कापसाचे तूस इतके साचलेले की तरफा ज्यांवर डोलतात त्या धारा त्यात रुतून बसलेल्या. कुशाबांनी घरची पिठाची चाळण कापून तिची जाळी एका काट्याच्या तळाला ठोकली. त्या काट्याने वर्षभर तक्रार केली नाही. घरून मात्र आठ दिवस तक्रार चालू होती. कंपनीने मग पितळी जाळीचा नियमच केला.

“अजून लावतात ती,” लवूकाका म्हणाले.

“गिरण गेली, तूस गेला, नि जाळी रवली?” कुशाबांनी भिंग खाली ठेवले. “कोणी इचारल्यान नाय?”

“आत्ता विचारलंय. म्हणून तर आलो.”

“पन्नास वर्सांनी. बरा झाला, मी आसतानाच इलंस.”

लवूकाकांनी त्यांचे म्हणणे जागीच कागदावर उतरवून घेतले आणि खाली सही घेतली. परतताना त्यांच्या पिशवीत नियम क्रमांक ११७ चे मूळ कारण पुराव्यासह होते आणि ते कारण १९८२ च्या गिरणी-संपातच मरून गेलेले होते. अर्ज खरा भरला तर नियम अपात्र. नियम गेला तर रेकॉर्ड रूमने नियम टिकवून दाखवल्याची नोंद होणार नाही, आणि शुक्रवारनंतर एकतीस मार्चला तीनच दिवस उरत होते. खरे कारण शोधून काढण्याचे बक्षीस म्हणून रद्दी, अशी ती व्यवस्था होती.

मंगळवारी ते अनुजाबाईंना भेटले. अनुजाबाईंना त्यांच्याविषयी सहानुभूती होती आणि त्यांनी ती कामाला लावली.

“काका, धूळ लिहा ना. धूळ तर सगळीकडे असते.”

“टिपणात धूळ नाही. तूस आहे.”

“टिपण आहे कुठे?”

“वाहून गेलं.”

“मग कोण तपासणार आहे?”

“तेच तर,” लवूकाका म्हणाले. “असतं, तर कोणी तपासलं तरी असतं.”

अनुजाबाईंनी शुक्रवारच्या बैठकीची वेळ पुन्हा एकदा सांगितली.

लवूकाकांनी अर्ज लगेच दाखल केला नाही. का, ते त्यांनी मला नंतर समजावून सांगितले आणि मी ते त्यांच्याच क्रमाने देतो. चाळीत पाहणीला माणसे आली तेव्हा त्यांनी आधी यादीतली नावे वाचली. भिवा घाडीगावकर वारले आहेत हे त्यांना कळले. म्हणून त्यांनी खोली रिकामी धरली नाही. त्यांनी दार वाजवले आणि आत आज कोण राहते ते पाहिले. नियमाचे कारण वारले होते हे खरे. पण जाळीमागे आज कोण राहते, हे अजून कोणी पाहिलेले नव्हते.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते चालत लालबागला गेले. चाचणीचे दोन काटे कौसल्याबाईंच्या मसाल्याच्या दुकानात होते. कौसल्याबाई मिरच्यांच्या पोत्याआड बसल्या होत्या. लवूकाकांनी आधी पाव किलो मालवणी मसाला घेतला, मग काट्याविषयी विचारले.

“दिसायला छान आहे,” कौसल्याबाई म्हणाल्या. “एकदम बारीक. आतल्या मंडळींनाही आवडला.”

“आतली मंडळी कोण?”

“झुरळं. काटा खालून तापतो ना, मग शिरतात ऊब घ्यायला. सकाळी काही ठेवलेलं नसतं तरी पाच-दहा ग्रॅम दाखवतो. म्हणजे कोणतरी आत फिरतंय.”

“आधीच्या काट्यात?”

“त्याला खाली जाळी होती. तिच्यावर बसायची बिचारी. आत कशी जाणार?”

लवूकाकांनी विचारले की हे त्यांनी कंपनीला कळवले का. कौसल्याबाईंनी कळवले नव्हते. कंपनीने फोनवर पाचपैकी पसंतीच्या चांदण्या मागितल्या होत्या आणि त्यांनी पाचही दिल्या होत्या.

“पाच कशाला दिल्यात?”

“चार दिल्या की लगेच फोन येतो, काय कमी पडलं म्हणून. मी मिरची तोलू का फोन घेऊ?”

या पाच चांदण्या सेलच्या अहवालात पृष्ठ चारवर ‘ग्राहकांचे एकमुखी समाधान’ या शीर्षकाखाली आहेत. ग्राहक एकच असल्यामुळे शीर्षकात दोष काढता येत नाही.

कौसल्याबाईंनी दोनपैकी एक काटा परत नेण्यासाठी आनंदाने दिला. शिवाय दुकानातल्या जुन्या काट्याची जाळी लवूकाकांनी पट्टीने खरवडून घेतली. जे निघाले ते, मिरचीपूड आणि काही पाय, त्यांनी एका खाकी लिफाफ्यात भरले आणि लिफाफ्यावर ठिकाण, तारीख, वेळ आणि कौसल्याबाईंची सही घेतली.

कचेरीत परत येऊन ते संगणकावर बसले. नियमाची तारीख: १९७४. कारण: झुरळे. कारणाची तारीख: कालपरवाची. प्रणालीने लाल अक्षरांत सांगितले की कारणाची तारीख नियमाच्या तारखेनंतरची असू शकत नाही. त्यांनी सेलला विचारले. सेलने लेखी उत्तर दिले, तेही माझ्याकडे आहे. कारण नवे असेल तर जुना नियम रद्द करून त्याच मजकुराचा नवा नियम प्रस्तावित करावा. मात्र नूतनीकरणाची मोहीम पूर्ण होईपर्यंत नवे नियम स्वीकारणे स्थगित आहे. म्हणजे ज्ञान नवे व्हावे म्हणून जो कक्ष काढला होता, त्याच्या अर्जात नव्या ज्ञानासाठी रकाना नव्हता. मी गेली दोन वर्षे या विषयावरचे साहित्य वाचत आहे आणि एवढ्या थोडक्या जागेत मांडलेला इतका संपूर्ण पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

लवूकाकांनी संगणक बंद केला, कोरा फुलस्केप कागद घेतला आणि पट्टीने स्वतः रकाने आखले.

शुक्रवारच्या बैठकीला नऊ माणसे होती. अनुजाबाई अध्यक्षस्थानी. सम्यकच्या पडद्यावर पातळ काट्याचे चित्र फिरत होते. लवूकाका लिफाफा, फुलस्केप कागद आणि कौसल्याबाईंचा काटा घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसले. एकशे सतराचा पुकारा झाला तेव्हा त्यांनी कागद पुढे सरकवला. अनुजाबाईंनी तो मोठ्याने वाचला:

“नियम एकशे सतरा. मूळ कारण: गिरणीतले कापसाचे तूस. पुरावा: कुशाबा मेस्त्री यांचा जबाब. कारणाची स्थिती: मयत, सन एकोणीसशे ब्याऐंशी. वारस…” त्या थांबल्या. “वारस: झुरळ?”

“हो,” लवूकाका म्हणाले. “ताबा चालू आहे. लिफाफ्यात आहे.”

कोणीतरी हसले. अनुजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी म्हटले की हा अर्ज विहित नमुन्यात नाही. एक लिफाफा म्हणजे डेटा नव्हे. आणि चाचणीतल्या ग्राहकाने पाच चांदण्या दिलेल्या आहेत. प्रत्येक म्हणणे नियमाला धरून होते. लवूकाकांनी काटा टेबलावर ठेवून चालू केला. ताटावर काहीच नव्हते. काट्याच्या पडद्यावर शून्य आले, मग सात ग्रॅम, मग तीन, मग परत सात.

सम्यक खुर्ची मागे सारून उठला. सहा आठवडे हेच आकडे त्याने आलेखांत पाहिले होते. त्याने कोणाला न विचारता खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, काटा उलटा केला आणि चार स्क्रू काढून तळ उचलला. आतून जे बाहेर पडले ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी, कोणताही भेदभाव न करता, सर्व श्रेणींच्या अधिकाऱ्यांकडे धावत गेले. विक्रीप्रमुखांनी पाय खुर्चीवर घेतले. इतिवृत्तात या भागाला ‘प्रात्यक्षिक’ म्हटले आहे.

“सॉफ्टवेअर नव्हतं ते,” सम्यक म्हणाला. “सॉरी. मी कधी उघडूनच बघितलं नाही.”

नियम क्रमांक ११७ पात्र ठरला. पातळ काटा चार मिलिमीटरने जाड झाला आणि आता बाजारात आहे.

अनुजाबाईंच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांनी त्याच दिवशी अर्जात ‘वारस कारण’ हा रकाना घालण्याचा आदेश दिला. प्रणालीत तो यायला अकरा दिवस लागले. पुढे एका परिषदेत त्यांनी यावर सादरीकरणही केले, ‘कारणांच्या उत्तराधिकाराचे प्रारूप’, एकूण बत्तीस पाने. सहाव्या पानावर चाळीचे छायाचित्र आहे; ती चाळ मुंबईतली नाही. एकोणिसाव्या पानावर लिफाफा आहे, पण जेवणाआधीचे सत्र असल्यामुळे आतला ऐवज कापून टाकला आहे. लवूकाकांचे नाव आभारांत आहे. घाडी.

राहिला प्रश्न रेकॉर्ड रूमचा. पत्रातली अट स्पष्ट होती: नियम रूमच्या कागदांच्या आधारे टिकला पाहिजे. सेलने तपासले. मूळ कारण फणसवाडीतल्या माणसाकडून मिळाले होते, वारस लालबागच्या दुकानातून. रूमच्या कागदांचा वाटा म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली दोन अक्षरे. काटेकोरपणे पाहता अट पुरी झाली नव्हती, आणि मला काटेकोरपणाविरुद्ध बोलण्याचा अधिकार नाही. सोमवारी, म्हणजे एकतीस मार्चला, अनुजाबाई स्वतः बोळातून रेकॉर्ड रूममध्ये आल्या. त्यांच्या हातात रूमच्या पात्रतेचा, नवा रकाना हाताने आखलेला अर्ज होता. मूळ कारण: नकाशांच्या प्रती काढणे. स्थिती: मयत, २००४. वारस: कोरे.

“काका, हा रकाना तुम्ही भरलेला नाही.”

“स्वतःचं स्वतः कसं भरणार? चाळीतसुद्धा शेजारी लागतात, सांगायला. राहतो म्हणून.”

“आज शेवटचा दिवस आहे.”

“माहीत आहे मला.”

त्रेसष्ट वेळा दुसऱ्यांच्या कोऱ्या जागा भरणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक रकाना कोरा सोडला होता, आणि तो का, हे अनुजाबाईंना कळत होते असे मला वाटते, पुरावा नाही. मग त्यांनी सम्यकला बोलावले आणि अर्ज त्याच्यापुढे ठेवला. सम्यकने उभ्याउभ्याच लिहिले. अर्ज मी पाहिला आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते:

‘वारस: कोपऱ्यातली कु. मे. ही अक्षरे कोणाची, ते सांगणे.’

अनुजाबाईंनी ते दोनदा वाचले आणि खाली सही केली. रेकॉर्ड रूम अडीच वर्षांसाठी पात्र आहे. त्यानंतरचा विचार त्यानंतरच्या आढाव्यात होईल. नेमके तेव्हाच लवूकाका निवृत्त होतात, हा योगायोग आदेशात नोंदवलेला नाही.

सध्या लवूकाका एक नवी वही करत आहेत. नऊ हजार नकाशांच्या कोपऱ्यांत मिळून एकेचाळीस माणसांची आद्याक्षरे आहेत. त्यातले कोण कुठे राहते, कोण हयात आहे, कोणाचा मुलगा भेटू शकतो, हे ते रविवारी फिरून विचारतात. आतापर्यंत सव्वीस जणांचा पत्ता लागला आहे. सम्यक बरोबर जातो. ऑगस्टमध्ये त्याचे अठरा महिने भरतात, मग त्याची अदलाबदल होईल. तोपर्यंत सातव्या कपाटाचे दार त्याला उघडता येऊ लागले आहे.

वहीतली शेवटची नोंद एका १९९१ सालच्या निळ्या प्रतीच्या कोपऱ्यातल्या ‘ल. भि. घा.’ या अक्षरांची आहे. प्रत काढणाऱ्याने खाली आद्याक्षरे घालावीत अशी तेव्हा पद्धत होती. समोर नाव लिहिले आहे: लवू भिवा घाडीगावकर. स्थिती: हयात. वहीचे रकाने त्यांनी स्वतः आखले आहेत, त्यामुळे आडनाव पूर्ण मावते.